सोमवारचा मॅटिनी शो

माझ्या मेव्हण्याला सगळे 'इंटरव्हल' म्हणतात. त्याचं केस कापायचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. त्या दोन खुर्च्यांत बसून आमच्या भागातल्या निम्म्या पुरुषांनी गेल्या तीस वर्षांतले सगळे सिनेमे अर्धे ऐकलेले आहेत. अर्धे, कारण हा माणूस गोष्ट मध्यंतरापर्यंतच सांगतो. "...आणि नायक दार उघडतो, तर आत कोण?" एवढं म्हणून मानेवरचा टॉवेल झटकतो. "चला, पुढचं थेटरात." गिऱ्हाईक हातापाया पडलं तरी पुढे एक शब्द नाही. एकदा एका माणसाचं मोठं ऑपरेशन होतं. तो म्हणाला, उद्याचं काही सांगता येत नाही, शेवट तेवढा सांगून टाक. तर हा म्हणतो, "मग तर तुम्हाला बरं व्हायलाच पाहिजे." तो माणूस बरा झाला, सिनेमा पाहिला आणि दुकानात येऊन सांगून गेला, की एवढ्यासाठी बरं व्हायची काही गरज नव्हती.

मी त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, आता निवृत्त आहे. डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी रोज सकाळी त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून पेपर वाचतो. वाचत होतो, असं म्हणायला हवं. आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो. पुढे जे घडलं त्यात मीही धुतल्या तांदळासारखा नाही.

मेव्हण्याची सिनेमाबद्दलची मतं केसांपासून सुरू होतात. "तीन वर्षं तुरुंगात होता म्हणे. कानामागची रेघ बघा, परवा मारलेली आहे." किंवा, "नदीत पडला, दरीत पडला, शेवटी प्रेमात पडला, भांग जिथल्या तिथे!" हल्लीच्या सिनेमांवर त्याचा मुख्य राग अंधाराचा. दिवे घालवले की सिनेमा खोल होतो असं या लोकांना कोणीतरी सांगितलंय, म्हणतो. "खून कोणी केला ते कळू नये, इथपर्यंत ठीक. पण कोणाचा झाला तेही दिसू नये?" दुसरा राग दुसऱ्या भागांवर. पहिल्या भागात मेलेला माणूस दुसऱ्यात जुळा भाऊ म्हणून उगवला, की हा भर थेटरात मोठ्याने "या!" म्हणतो. मोबाइलवरच्या मालिकांचीही गत तीच. "आठ भाग. सात भाग नुसते गाडी चालवत विचार करतात, आठव्यात गाडी ठोकतात आणि म्हणतात, उरलेलं पुढच्या वर्षी." टीव्हीवरच्या मालिकांत एक थोबाडीत मारली, की ती तीन बाजूंनी तीनदा दाखवतात, आणि तेवढ्या वेळात हा एक दाढी पूर्ण करतो.

पण बघायचा सगळं. शिव्या देत बघायचा. आणि शंभरात एखाद्या वेळी त्याला काहीतरी सापडायचं. गेल्या वर्षी असाच एक सिनेमा पाहून आला आणि दोन दिवस एकच प्रसंग सांगत होता. "त्या म्हातारीने टॉवेलची घडी घातली ना भाऊजी, नुसती घडी, आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवली. तिथेच मला कळलं, मुलगा आता येत नाही. एक शब्द बोलली नाही हो बाई! याला म्हणतात काम." सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. खुर्चीतलं गिऱ्हाईक वस्तऱ्याकडे बघत गप्प बसायचं.

एकच प्रकार मात्र त्याला मुळीच सोसायचा नाही. पडद्यावर कोणी मरायला टेकलं आणि बोलायला लागलं, की हा उठून बाहेर जायचा. "मरणारं माणूस पाणी मागतं. वाक्यं बोलत नाही." एकदा आमच्या घरीच तो असं म्हणाला, तेव्हा माझी बायको म्हणाली, "असं काय म्हणतोस छोट्या? आई बोललीच ना?" तो चपापला. मग म्हणाला, "आईची गोष्ट वेगळी."

ती वेगळी गोष्ट सांगायला हवी.

आमचं लग्न सासूबाईंना न विचारता झालं. त्यांनी मुलीसाठी एक बँकेतला मुलगा बघून ठेवला होता आणि मुलीने आणला कपड्यांना ॲसिडची भोकं पडलेला मी. त्यांनी दार लावून घेतलं ते चार वर्षं. बायको दर महिन्याला जायची, दारात उभी राहायची, भाऊ आतून पाण्याचा तांब्या आणून द्यायचा, ही पाणी प्यायची आणि परत यायची. मग सासूबाईंचं हृदय थकलं. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत त्या पाच महिने अंथरुणावर होत्या आणि छोट्याने त्यांचं सगळं केलं. अंघोळ, औषधं, कूस बदलणं, सगळं. पाच महिन्यांत एक सिनेमा पाहिला नाही, हे त्याच्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या काळातही सासूबाईंनी लेकीला आत येऊ दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना त्रास होईल असं काही करू नका. म्हणजे आम्ही त्रास.

एका सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, आई गेली. आम्ही धावत गेलो. बायको दारातच खाली बसली. तिने एकच विचारलं, "काही बोलली का रे?" तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मी जवळच होतो. म्हणाली, ताईला सांग, माझा राग केव्हाच गेला. तिने माणूस चांगला निवडलाय."

त्या दोन वाक्यांवर माझी बायको एकोणीस वर्षं जगली, असं म्हटलं तर ते जरासुद्धा वाढवून सांगितल्यासारखं होणार नाही. त्याआधी आमच्या घरात सासूबाईंचा फोटो नव्हता. नंतर आला, मोठा, चौकटीतला. मुलांना ती आजीच्या गोष्टी सांगायला लागली. आजारी पडली की ती वाक्यं पुटपुटायची. आणि माझं काय सांगू! शाळेत कोणी वाकडं बोललं की मी मनात म्हणायचो, अरे, मला माझ्या सासूने शेवटच्या श्वासाला प्रमाणपत्र दिलंय, तू कोण? एकदोनदा मनातलं मोठ्यानेही बोललो.

आता त्या मालिकेकडे येतो. गेल्या वर्षी संध्याकाळी साडेसातला एक नवी मालिका सुरू झाली. आई, तिच्यावर रुसलेली मुलगी आणि दोघींच्या मध्ये सापडलेला मुलगा. महिन्याभरातच मेव्हणा तिच्यावर लट्टू झाला. "यात कोणी ओरडत नाही. थोबाडीत नाही. माणसं खरी बोलतात हो, लिहिणारा कुठेतरी बसून ऐकत असणार." आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी टीव्ही मालिका लोकांना बघायला लावली. गिऱ्हाइकांना लावली, इस्त्रीवाल्याला लावली आणि बहिणीला तर पिच्छा पुरवून लावली. मग रोजचा नियम होऊन गेला. आठ वाजता भाग संपला, की बायको त्याला फोन करणार आणि दोघं अर्धा तास त्या घरातल्या माणसांची उणीदुणी काढणार. मला जेवायला वाढायला उशीर व्हायचा, पण दोघं खुशीत होती म्हणून मी बोलायचो नाही.

तो बुधवार होता. भागात मुलगा घरात आईजवळ बसलेला. आईला झोप लागलेली. मुलगा घड्याळाकडे बघतो, खिडकीबाहेर बघतो. मग हळूच उठतो, आईच्या उशाशी रेडिओ लावतो आणि स्वतःशीच म्हणतो, "बोलत राहील, म्हणजे तिला एकटं वाटणार नाही." बाहेरून कडी घालतो. पुढच्या दृश्यात तो सिनेमाच्या थेटरात बसलेला. भाग संपला.

बायकोचे हात भाजी चिरण्यात गुंतले होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. "बघितलंस का रे? काय कार्टं आहे! आईला धड श्वास घेता येत नाही आणि हा सिनेमाला!"

पलीकडून नुसत्या टीव्हीवरच्या जाहिराती ऐकू आल्या.

"ऐकतोयस ना? नालायक आहे की नाही?"

"नालायकच," तो म्हणाला.

"नाहीतर तू. पाच महिने हललास का तिच्याजवळून? एका तरी सिनेमाचं नाव काढलंस का?"

"ताई, गिऱ्हाईक आहे. ठेवतो." त्याने फोन ठेवला. बायको म्हणाली, "दुकान फार चालायला लागलंय याचं." मीही मान डोलावली.

गुरुवारी सकाळी मी नेहमीसारखा दुकानात गेलो. खुर्चीत मौनीबाबा होते. हे नाव आम्हीच ठेवलेलं. साठीतला माणूस, दर दुसऱ्या गुरुवारी यायचा, डोळे मिटून बसायचा आणि जाताना मान हलवायचा. जगभर लोक केस कापणाऱ्याला आपली दुःखं सांगतात, इथे उलटं होतं. त्यांच्या गप्प बसण्याने मेव्हण्याची जीभ सुटायची. मी बाकावर असलो तर सिनेमाच्या गप्पा, पण मी नसताना इतर बरंच काही चालत असणार.

त्या दिवशी टीव्ही बंद होता. मेव्हण्याने मौनीबाबांच्या गालांना साबण लावला होता आणि वस्तरा हातात धरून तो नुसता उभा होता.

"कालचा भाग बघितला," तो म्हणाला.

"हं."

"रेडिओ."

मौनीबाबांनी डोळे उघडले. आरशातून त्याच्याकडे बघितलं.

"तुम्ही लिहिता ती?"

"हो."

मी पेपर खाली ठेवला.

"नऊ वर्षं इथे येताय. कधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत," मौनीबाबा म्हणाले. आवाज चांगला होता त्यांचा, मऊ.

"ते मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. जगात दुसऱ्या कोणाला नाही."

"म्हणूनच ते आधी कुठल्या मालिकेत आलेलं नव्हतं."

मेव्हण्याने वस्तरा खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग ज्या माणसाने तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला शेवट सांगितला नाही, त्याने विचारलं, "आज काय होणार?"

"तुम्ही सांगितलंत तेच. तो घरी येतो. बहीण येते. तो तिला सांगतो."

"तीच वाक्यं?"

"शब्द न् शब्द. मी बदलून बघितली, पण बिघडायला लागलं. चांगली आहेत हो. मला नसती सुचली." हे त्यांनी मनापासून म्हटलं. शाबासकी दिली.

"माझी बहीण बघते ती मालिका. मीच बघायला लावली."

मौनीबाबांनी डोळे पुन्हा मिटले. मग म्हणाले, "कोणाचं नाव नाही घातलेलं त्यात. लोकांना आपापलं वाटतं, म्हणून तर चालते." आणि दाढीसाठी मान वर केली.

अर्धी दाढी ठेवून हाकलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण त्याने पूर्ण केली, दोन हात मारून, कुठेही न कापता. तुरटी लावली. मौनीबाबांनी मान हलवली आणि गेले. मागाहून कळलं, की ते आता दुसरीकडे दाढी करतात.

मला अजून पुरतं उमगलं नव्हतं, प्रयोगशाळेत आयुष्य गेलं तरी मी जरा मठ्ठच. पण रेडिओ मला आठवत होता. त्या सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा सासूबाईंच्या उशाशी रेडिओ चालू होता, कोणीतरी हवामान सांगत होतं. बायकोने विचारलंही होतं, हा कशाला चालू? तो म्हणाला होता, तिला आवडायचा म्हणून.

मेव्हणा रिकाम्या खुर्चीत बसला आणि सगळं सांगितलं. पाच महिने झाले होते. सोमवार, दुकान बंद. आईला दुपारी झोप लागायची ती पाचपर्यंत. नवा सिनेमा लागून दहा दिवस झाले होते आणि गावभर त्याच्याच गप्पा होत्या. "दोनच तास, भाऊजी. मी स्वतःला म्हटलं, दोनच तास." परत आला तेव्हा आई गेलेली होती. कधी गेली, कशी गेली, पाणी मागितलं का, त्याला माहीत नाही. "ताई विचारत होती, काही बोलली का. काय सांगणार होतो? रेडिओवर हवामान चालू होतं, हे? तिकीट खिशात होतं माझ्या."

आता मी जे विचारलं त्याची मला लाज वाटते, पण विचारलं खरं. बायकोचं काय होईल हे माझ्या मनात आधी आलं नाही. मी म्हणालो, "आणि ते, माणूस चांगला निवडलाय?"

"ते मी माझ्याकडून घातलं," तो म्हणाला. "मला वाटायचं तसं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकोणीस वर्षं मी एका सिनेमावेड्याचं प्रमाणपत्र छातीला लावून फिरत होतो! त्याने ते प्रेमाने दिलं होतं हे मला समजत होतं, आणि त्यानेच जास्त चीड येत होती. मी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता चल आणि तिला सांग. साडेसातला टीव्हीवरून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे."

"येतो. सहा वाजता येतो. तोवर काय सांगायचं ते जुळवतो."

"जुळवतोस काय? आहे ते सांग!"

"सहाला येतो, भाऊजी. तुम्ही तोवर काही बोलू नका. मलाच बोलू द्या."

आणि मी बोललो नाही. दुपारभर तिच्यासमोर बसलो, जेवलो, तिने कपड्यांच्या घड्या घातल्या त्या मी कपाटात ठेवल्या. तिने दोनदा विचारलं, बरं नाही का तुला? मी म्हणालो, पित्त झालंय. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, तो आलाच नाही तर बरं. ती वाक्यं राहू देत. तिच्यासाठी राहू देत आणि थोडी माझ्यासाठीही.

सहा वाजले. साडेसहा वाजले. सातला मी आतल्या खोलीत जाऊन फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. सव्वासातला बायको म्हणाली, आज लवकर आटपते, आजचा भाग महत्त्वाचा आहे. सात पंचवीसला ती हात धुवायला गेली आणि मी उठून मेन स्विच पाडला.

माझी अक्कल एवढीच चालली. घरात काळोख झाला. आतून तिचा आवाज आला, "गेले वाटतं दिवे." मी म्हणालो, "गेले बहुतेक सगळीकडचे." मी मेणबत्ती शोधायचं नाटक करत असताना ती खिडकीशी गेली. समोर सगळी घरं उजळलेली. "आपल्याच मजल्याचं काहीतरी दिसतंय," असं म्हणत तिने दार उघडलं, तर जिन्यात दिवा आणि समोरच्या बाईंच्या दाराखाली उजेड. तिला काहीच संशय आला नाही. माझ्याबद्दल तिला संशय घ्यायची सवयच नव्हती. चप्पल पायात सरकवून म्हणाली, "मी समोर बसून बघते. तू तेवढं मिस्त्रीला फोन कर."

मी काळोखात बसलो. दोन्ही दारं उघडी होती, त्यामुळे ऐकू सगळं येत होतं. आधी जाहिराती. मग मालिकेचं गाणं. मग बराच वेळ कोणी बोलेना, फक्त रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. मग एका बाईचा रडवेला आवाज, "काही बोलली का रे?" तीन वेळा. मग पुरुषाचा आवाज आला आणि ती दोन्ही वाक्यं आली, शब्द न् शब्द. समोरच्या बाई मोठ्याने म्हणाल्या, "खोटारडा मेला!" माझ्या बायकोचा आवाज आला नाही.

मी घरात नीट दिवे ठेवले असते, तर निदान ते तिने स्वतःच्या खुर्चीत बसून ऐकलं असतं. परक्या घरात, परक्या बाईच्या शेजारी बसून, चेहरा सांभाळत ऐकायची वेळ मी तिच्यावर आणली. भाग संपेपर्यंत ती उठली नाही. उठणार तरी कशी?

ती परत आली. दारातच थांबली. मग सरळ मीटरच्या फळीशी गेली आणि हाताने चाचपून स्विच वर केला. घर उजळलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"हे तू केलंस?"

मी मान हलवली.

"तुला कधी कळलं?"

"सकाळी."

"सकाळी," ती म्हणाली. "आणि दिवसभर माझ्यासमोर बसलास. माझ्या हातचं जेवलास." तिने चप्पल काढून जागेवर ठेवली. "तो निदान एकटा होता, घाबरला होता. तू कशाला घाबरलास?"

आत जाऊन तिने दार लोटून घेतलं. तेवढ्यात मी गॅलरीतून सहज खाली बघितलं, तर मेव्हणा आमच्या इमारतीच्या पायरीवर बसलेला होता. सहापासून तिथेच होता म्हणे. मी हाक मारली नाही आणि तोही वर आला नाही.

रात्री बायकोने दुकानातलं सगळं बोलणं माझ्याकडून काढून घेतलं. शुक्रवारी सकाळी मेव्हणा आला. शुक्रवारचा पहिला खेळ त्याने वर्षानुवर्षं चुकवलेला नाही, तो त्या दिवशी चुकवला. बायकोनेच दार उघडलं. मला वाटलं होतं, ती रडेल, ओरडेल, त्याला मारेल. तिने त्याला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः समोर बसली.

"ताई, मी काल येणार होतो..."

"किती वाजता गेलास?"

"काल?"

"त्या दिवशी."

"सव्वादोनला."

"परत?"

"पावणेसहा झाले."

"दोन तास म्हणालास ना यांना?"

"सिनेमा मोठा होता."

"बाहेरून कडी होती?"

"हो."

"म्हणजे तिने हाक मारली असती, तरी कोणाला आत येता आलं नसतं."

बायको थोडी पुढे झाली. "त्या दिवशीचं सोड. आधीच्या पाच महिन्यांत कधी? माझं नाव? एकदा तरी?"

मी त्याच्याकडे बघत होतो. अजूनही एक खोटं बोलता आलं असतं, आणि खरं सांगतो, त्याने ते बोलावं असं मला वाटत होतं. त्याचे ओठ हललेसुद्धा.

"नाही, ताई."

"एकदाही नाही?"

"नाही."

तिने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं नाही, मीच बघितलं.

तो रडायला लागला. "तू दारात बसली होतीस ग. मला बघवलं नाही. मला वाटलं, एवढं दिलं तर तू उठशील. आणि मग तू खरंच उठलीस, फोटो लावलास, हसायला लागलीस, मग कसं सांगणार होतो? मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी एकाला सांगितलंस ना," बायको म्हणाली. "नऊ वर्षं दाढी करता करता. मला नाही सांगितलंस. मी रोज आठ वाजता तुला फोन करत होते, छोट्या. त्या मुलाला नालायक म्हणत होते आणि तू हो म्हणत होतास."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुठला सिनेमा होता?"

त्याने नाव सांगितलं. आम्ही दोघांनी तो कधी पाहिला नव्हता, तेव्हा मुलं लहान होती.

"कसा होता?"

तो बघतच राहिला.

"विचारतेय मी. सगळ्या जगाला सांगतोस. चांगला होता का?"

त्याने आधी खाली बघितलं. मग त्याने मान वर केली.

"हो," तो म्हणाला. "फार चांगला होता, ताई."

बायकोने मान डोलावली. उठली, दार उघडलं आणि तो जिना उतरून जाईपर्यंत दार धरून उभी राहिली.